हातभर जादाची वायर

बेंगळुरात मला "अक्का" म्हणणारा पहिला माणूस म्हणजे टेपअण्णा. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, नागपूरहून पहिल्या नोकरीसाठी आलेली; ते पन्नाशी ओलांडलेले, मिश्या अर्ध्या पिकलेल्या. माझ्या डोक्यात अक्का म्हणजे लग्नात मानाची साडी घेऊनही रुसून बसणारी बाई. मी चिडून म्हटलं, "अहो, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे!" ते शांतपणे म्हणाले, "मुलीलापण अक्काच म्हणतो की. तिला राग येत नाही." त्या शहरात होते तोवर मी अक्काच राहिले, आणि आता मला तसं कोणी म्हणत नाही याचं वाईट वाटतं.

त्यांना टेपअण्णा म्हणायचं कारण साधं होतं. बेंगळुरात अण्णा गल्लोगल्ली. रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, घरमालकही अण्णाच. आमच्या अण्णांच्या गळ्यात मात्र कायम शिंप्याची पिवळी टेप लोंबत असे. ऑफिसात, स्कूटरवर, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात, एवढंच काय, आमच्या कंपनीच्या मालकांच्या बहिणीच्या लग्नातसुद्धा कोटावरून टेप. बेंगळुरातल्याच शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागं त्यांच्या घराण्याचं शिंप्याचं दुकान होतं. कित्येक पिढ्यांपूर्वी हे मराठी शिंपी तिकडं जाऊन स्थिरावलेले. घरात मराठी, दारात कानडी, गिऱ्हाइकाशी उर्दू. दुकान थोरला भाऊ चालवी. अण्णा हे घराण्यातले पहिले इंजिनियर आणि ही गोष्ट ते कोणालाही विसरू देत नसत. "डिग्री भिंतीवर, टेप गळ्यात," असं म्हणत. नम्रता वगैरे त्यांच्या गावीच नव्हती. नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा मी आजवर पाहिलेला नाही.

आमची कंपनी म्हणजे जे. पी. नगरातल्या एका घराचा वरचा मजला. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. सीएनसी मशीन, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर लोखंड कापणारं यंत्र, बऱ्याच कारखान्यांत आलेलं होतं. त्यातले हुकूम, म्हणजे प्रोग्रॅम, तोवर कामगार मशीनच्याच बटणांवर एकेक आकडा दाबून भरत. मग कारखान्यांनी कॉम्प्युटर घेतले. पण कॉम्प्युटर काचेच्या केबिनमध्ये, मशीन बाहेर तेलाच्या वासात, आणि दोघांचं आपसांत बोलणं नाही. ते बोलणं सुरू करून द्यायचं, मधली वायर टाकायची आणि बोलणं अडलं की जाऊन सोडवायचं, हा आमचा धंदा. मी सॉफ्टवेअर बघायची, अण्णा वायर.

मला हे काम शिकवलं अण्णांनीच, त्यांच्या पद्धतीनं. वायरीच्या टोकाला पिनांचा प्लग असतो. एका पिनेतून बोलायचं, दुसरीतून ऐकायचं. पहिल्या दिवशी मी दोन्हीकडं बोलण्याची पिन बोलण्याच्या पिनेलाच जोडली. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "अक्का, ह्याचं तोंड त्याच्या तोंडाला लावलंस. कान मोकळेच. असं केल्यावर संसार होतो, काम होत नाही." मी लाजून लाल. त्यांना काही नाही. "ह्याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड ह्याच्या कानाला. दोघांनी एकाच वेगानं बोलायचं, आणि एकाचं पोट भरलं की त्यानं 'थांब' म्हणायचं, दुसऱ्यानं थांबायचं. एवढंच. माणसांना जमत नाही म्हणून वायरीत करायला लागतं."

वेगाचं त्यांना वेडच होतं. कॉम्प्युटर आणि मशीनच्या बोलण्याचा वेग दोन्हीकडं सारखा लावावा लागतो. चोवीसशे, शहाण्णवशे, एकोणीस हजार दोनशे असे ते ठरलेले आकडे. अण्णा माणसांनाही हेच आकडे लावत. मी भराभर बोले, म्हणून मी शहाण्णवशे. "स्वल्प खाली ये, अक्का, मी चोवीसशेवर ऐकतो," असं ते दिवसातून कितीदा म्हणत. त्यांच्या बायकोचा वेग एकोणीस हजार दोनशे होता, आणि हे ते तिच्यासमोरच सांगत. ती म्हणे, "ह्यांना काहीच ऐकायला येत नाही, वेग कुठलापण लावा."

त्यांची हत्यारांची पिशवीही बघण्यासारखी होती. दुकानात उरलेल्या चौकड्याच्या सुटिंगची, भावानं शिवलेली. पक्कड, तारांना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री, पेचकस, प्रत्येकाला मापाचा कप्पा आणि वर बटणाची पट्टी. ती पिशवी आणि गळ्यात टेप अशा अवतारात ते एका कारखान्याच्या गेटवर उतरले, तेव्हा वॉचमनला वाटलं युनिफॉर्मची मापं घ्यायला कोणी आलंय. त्यानं आणखी दोघांना हाक मारली आणि तिघं हात पसरून उभे राहिले. अण्णांनी एक अक्षर न बोलता तिघांची छाती, कंबर, बाह्या मोजल्या. एकाला म्हणाले, "छाती आहे तेवढी असू दे, पोट कमी कर." मग विचारलं, "मशीन कुठं आहे?" मी मागं उभी राहून ओढणी तोंडात कोंबत होते.

कारखान्यात गेल्यावर अण्णा लगेच कामाला हात लावत नसत. आधी बाय-टू कॉफी. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून पिण्याची बेंगळुरी रीत. पण अण्णांची अट अशी की दुसरा पेला मशीनवर काम करणाऱ्याचा. मॅनेजरनं केबिनमध्ये कपबशी मांडली तरी हे बाहेर स्टुलावर बसून ऑपरेटरबरोबर अर्धी कॉफी पिणार. मॅनेजर लोकांना ते झोंबायचं. "अर्धा पेला दिलेला माणूस पुरं खोटं बोलत नाही," असा अण्णांचा सिद्धांत. तो नेहमी खरा ठरे असं मुळीच नाही. एका ऑपरेटरनं अर्धी कॉफी पिऊन अण्णांना धडधडीत फसवलं होतं, प्लग स्वतःच्या हातानं तोडून "उंदीर" म्हणून सांगितलं होतं. अण्णा दोन दिवस उंदीर शोधत होते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे जादाची वायर.

शिंपी लोक कपड्याच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढं मूल वाढलं तर उसवून सैल करायला. त्याला ते माया म्हणतात. अण्णा वायरीला तसंच करत. केबिनपासून मशीनपर्यंत टेपनं माप घ्यायचं, अगदी कोपरा न् कोपरा धरून. आणि मग वर हातभर, कधी दोन हात, कधी त्याहून जास्त वायर ठेवायची. तिचं सुबक वेटोळं करायचं, पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातल्यासारखं बांधायचं आणि खिळ्यावर टांगायचं. मालक म्हणत, "अण्णा, कशाला वाया घालवता?" अण्णा म्हणत, "कारखाना म्हणजे वाढतं पोर. आज इथं आहे, उद्या तिथं बसेल." आणि तसं व्हायचंही. एका कारखानदाराला वास्तुशास्त्राचं खूळ लागलं. त्यानं कॉम्प्युटरचं टेबल एका रात्रीत ईशान्येला हलवलं. बाकी सगळ्या वायरी तोकड्या पडल्या, अण्णांची तेवढी पोचली. त्यानंतर महिनाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता.

दुसरा नियम, वायरीला जोड द्यायचा नाही. "नव्या कपड्याला ठिगळ नाही." आणि तिसरा तर नियम नव्हताच, घोषणा होती. "माझ्या केबलचा दोष नसतो. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी भावाच्या दुकानात काजं करायला बसेन." काजं, म्हणजे बटणाची घरं करणं, हे शिंप्याच्या दुकानातलं सगळ्यात किचकट, कंटाळवाणं काम. ही घोषणा आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ऑफिसात कोणी "माझ्या केबलचा" म्हटलं की बाकीचे एका सुरात "दोष नसतो" म्हणत.

तर पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत एक प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करणारा कारखाना होता. तिथली वायर अण्णांनीच टाकलेली. तिथं एक विचित्र दुखणं सुरू झालं. कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बरोबर, पण मशीनमध्ये पोचल्यावर त्यातला एखादा आकडा बदललेला. हत्यार भलत्याच खोलीवर घुसे आणि पोलादाचा ठोकळा वाया जाई. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा राजण्णाच्या पाळीत. दुसऱ्या पाळीत तोच प्रोग्रॅम, तेच मशीन, तीच वायर, आणि सगळं ठीक.

राजण्णा मला आधीपासून माहीत होता. अबोल, चाळिशीचा, आणि स्वच्छतेच्या बाबतीत जवळजवळ आजारी म्हणावा असा. त्याच्या मशीनवर लोखंडाचा कीस दिसायचा नाही. खिशात फडकं, हातात हवेची बंदूक, फुस्स फुस्स करत कानाकोपरा साफ. त्याची पाळी संपली की मशीन पूजेला मांडल्यासारखं चकचकीत दिसे. त्या कारखान्यात त्याची पंधराएक वर्षं गेली होती.

मॅनेजर मुंबईचा, मराठीच, नुकताच आलेला. अण्णांच्या मापानं एकोणीस हजार दोनशेच्याही वरचा. आम्हाला बघताच त्यानं सुरू केलं, "सिंपल लॉजिक आहे. माझी फाइल परफेक्ट आहे. मशीनमध्ये डिजिट चेंज झालाय. मशीनच्या कीज कोणाच्या हाताखाली आहेत? राजण्णाच्या. आता तो मुद्दाम करतोय की चुकून, आय डोन्ट केअर. शनिवारी त्याला काढतोय. तुम्ही फक्त केबल चेक करून सांगा की ओके आहे, म्हणजे युनियनवाले माझ्या डोक्यावर बसणार नाहीत."

"माझ्या केबलचा दोष नसतो," अण्णा म्हणाले. सवयीनं म्हणाले, छाती काढून म्हणाले.

राजण्णा बाजूला उभा होता. मॅनेजरनं त्याला मशीनला हात लावायला मनाई केली होती, म्हणून हात मागं बांधून. त्याला मराठी येत नव्हतं, पण अण्णांचं वाक्य ऐकून मॅनेजर हसला ते त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली आणि खिशातल्या फडक्यानं उगाचच आपलीच बोटं पुसायला लागला. मी अण्णांकडं बघितलं. ते राजण्णाच्या बोटांकडं बघत होते.

"स्वल्प थांबा," ते मॅनेजरला म्हणाले. "चेक तर करू दे."

मग सकाळभर आम्ही साप साप म्हणून भुई थोपटली. मी केबिनमधून प्रोग्रॅम पाठवायची, मशीनमधून परत मागवायची, दोन्ही शेजारी ठेवून आकड्याला आकडा ताडून बघायची. एकही चूक नाही. वेग बदलला, प्लग हलवले, वायर थोपटली. सगळं बरोबर. जितकं बरोबर निघे तितका मॅनेजर खूश आणि राजण्णा काळवंडलेला. चांगली वायर निघणं हे इतकं वाईट वाटायला लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "मग? ओके ना?"

अण्णा म्हणाले, "कॉफी."

"आमच्या केबिनमध्ये—"

"बाय-टू. बाहेर."

स्टुलावर बसून अण्णांनी पेला राजण्णापुढं धरला. तो घेईना. मग घेतला, पण प्यायला नाही. अण्णांनी कानडीत काही विचारलं. राजण्णा एकदम बोलला. एरवी त्या माणसाच्या तोंडून मी चार शब्द ऐकले नव्हते. मला तेव्हा कानडी समजायला लागलं होतं. तो म्हणत होता, "मी बटणं कधी दाबू, अण्णा? प्रोग्रॅम येत असतो तेव्हा मी मशीन पुसतो. ह्या हातात हवेची बंदूक, ह्या हातात फडकं. तिसरा हात देवानं मला दिला नाही."

अण्णांचा पेला तोंडाजवळच थांबला. "प्रोग्रॅम येत असताना हवा मारतोस?"

"मग काय करू? तेवढाच वेळ रिकामा असतो."

"दुसऱ्या पाळीतले?"

"ते विडी ओढायला जातात," राजण्णा म्हणाला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी तुच्छता होती, तिच्यामुळं मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

अण्णा उठले. मला केबिनमध्ये पिटाळलं. "अक्का, पाठव. राजण्णा, तू रोज करतोस तसं कर. मॅनेजर काय म्हणतील ते मी बघतो." मी प्रोग्रॅम सोडला. राजण्णानं बंदूक उचलली, फुस्स, फुस्स, खाचाखोचा धुंडाळत. टाकीतली हवा कमी झाली, आणि भिंतीपलीकडचा, टाकीत हवा भरणारा कंप्रेसर धाड् करून चालू झाला. प्रोग्रॅम संपल्यावर मी तो परत मागवला आणि ताडून बघितला. मधल्या एका ओळीत एका आकड्याच्या जागी दुसराच आकडा होता.

मी धावत बाहेर आले. अण्णांना सांगायची गरजच नव्हती. वायर बोटांनी चाचपत ते मशीनच्या मागं जाऊन थांबले होते. तिथं भिंतीवर कंप्रेसरच्या मोठ्या स्विचचा लोखंडी डबा होता. आणि त्या डब्याला अगदी खेटून, खिळ्यावर, पांढऱ्या दोऱ्यानं सुबक बांधलेलं अण्णांच्या जादा वायरीचं वेटोळं. कंप्रेसर सुरू होताना त्या स्विचमध्ये विजेचा जो झटका उडे, त्याची कुरकुर ते वेटोळं कान देऊन ऐकत होतं आणि चाललेल्या बोलण्यात मिसळत होतं. वायर मापाची असती तर डब्याच्या जवळही आली नसती. जागा अण्णांनीच निवडली होती. कोणाच्या पायात येऊ नये, धूळ बसू नये म्हणून. राजण्णाची स्वच्छता आणि अण्णांची माया, दोन चांगल्या सवयी एकत्र आल्या होत्या आणि त्यात एकाची नोकरी चालली होती.

मॅनेजर केबिनमध्ये फोनवर होता. राजण्णा बंदूक धरून आमच्या तोंडाकडं बघत होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, अण्णा आता वेटोळं उचलून दुसऱ्या खिळ्याला लावतील, मशीनच्या प्लगचा स्क्रू पिळतील आणि सांगतील, प्लग सैल होता. राजण्णा वाचेल, केबलही वाचेल. खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. मी हळूच म्हटलंही, "अण्णा, खिळा बदलू या का?"

त्यांनी ऐकलं नाही. कारखान्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं, सगळ्या मशीनवरच्या लोकांना ऐकू जाईल असं, कानडीत म्हणाले, "राजण्णाच्या हाताचा दोष नाही. माझ्या केबलचा दोष आहे!" मॅनेजर फोन टाकून बाहेर आला तेव्हा त्याला मराठीत सांगितलं. त्यानं "व्हॉट?" विचारलं म्हणून इंग्रजीत सांगितलं. "पण सकाळी तुम्हीच म्हणालात दोष नसतो," तो म्हणाला. "म्हणालो. चुकलो," अण्णा म्हणाले. "आता बघा." आणि कंप्रेसर पुन्हा चालू करून, राजण्णाला अजिबात मशीनजवळ येऊ न देता, पुन्हा तोच बिघाड त्याला दाखवला. मग वेटोळं हातानं डब्यापासून दूर धरून दाखवलं. बिघाड नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. त्यानं राजण्णाच्या खांद्यावर हात ठेवून "सॉरी हां" म्हटलं. मग अण्णांकडं वळून म्हणाला, "हे सगळं एक्स्ट्रा काढून टाका. मला एक इंचसुद्धा जास्त नको."

अण्णांनी पिशवीचं बटण उघडलं, पक्कड काढली. टेपनं मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. कापडावर कात्री चालवणाऱ्या घराण्यातला माणूस, पण हात पुढं जाईना. "अक्का, तू काप," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी नाही." शेवटी त्यांनी दुसरीकडं बघत पक्कड दाबली. वेटोळं खाली पडलं. त्यांनी नव्यानं प्लग बसवला, आणि एरवी उरलेला दोराही उचलणाऱ्या त्या माणसानं ते वेटोळं तसंच जमिनीवर सोडलं. निघताना मागं वळून मी पाहिलं, तर राजण्णा ते उचलून त्यावर हवा मारत होता.

त्या रविवारी मी शिवाजीनगरात गेले, कुर्त्याची बाही सैल करून घ्यायची म्हणून. खरं तर बघायला गेले होते. आणि होते! दुकानाच्या कोपऱ्यात चटईवर मांडी घालून टेपअण्णा काजं करत बसलेले. डोळ्यांना चष्मा, जिभेचं टोक बाहेर. थोरले भाऊ मशीनवरून ओरडत होते, "अरे, ते काज आहे की विहीर? त्यातनं बटण नाही, नारळ जाईल!" मला बघून म्हणाले, "ह्याला इंजिनियर केलं ते बरं केलं, अक्का. इथं ठेवला असता तर दुकान बसलं असतं." अण्णा मान वर न करता म्हणाले, "बोललो होतो म्हणून बसलोय. संध्याकाळी उठतो."

सोमवारी ते ऑफिसात आले, टेप गळ्यात होती, पण ते पहिले अण्णा नव्हते. नव्या कारखान्यात वायर टाकायला गेलो तर मापाला माप. एक बोट जास्त नाही. मालक खूश झाले. मला मात्र करमेना. "माझ्या केबलचा" म्हटलं तरी कोणी "दोष नसतो" म्हणेना. स्वतःची बढाई न मारणारे अण्णा म्हणजे मीठ न घातलेली आमटी होती. माझा वेगही त्यांना खटकेनासा झाला. मी मुद्दाम भराभर बोलून बघितलं, काही नाही.

पावसाळा उलटला आणि एक दिवस फोन वाजला. मीच घेतला. तोच मॅनेजर. नेहमीपेक्षा पुष्कळ सावकाश बोलत होता. "अण्णा आहेत का? म्हणजे... काय झालंय, आम्ही नवीन मशीन आणलं, तर जुनं थोडं सरकवलं. तुमची केबल पोचत नाहीये."

मी फोन अण्णांना दिला. त्यांनी ऐकलं. "किती कमी पडते?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजातच आम्हाला कळलं. मालकांनी पेन खाली ठेवलं. "हातभर? हातभरच ना? नीट मोजा." मग रिसीव्हरवर हात ठेवून आम्हा सगळ्यांकडं वळले. "हातभर कमी पडते!" ते म्हणाले. एखाद्याला नातू झाल्याची बातमी कळावी तसा चेहरा. त्या दिवशी खालच्या दुकानातून सगळ्यांना म्हैसूरपाक आला, घरमालकांनासुद्धा. जित्याची खोड ती.

पीण्याला पोचल्यावर बाय-टू झाली. या वेळी मॅनेजरही स्टूल ओढून बसला, त्याला चिमणीएवढी कॉफी मिळाली. अण्णा म्हणाले, "जोड देणार नाही. पूर्ण नवी वायर टाकावी लागेल. नव्या कपड्याला ठिगळ नाही." तेवढ्यात राजण्णा उठला, कपड्यांच्या कपाटाकडं गेला आणि काहीतरी घेऊन आला. ते वेटोळं होतं. पांढरा दोरा तसाच, एक टाकाही न सुटलेला, आणि धुळीचा कण नाही. त्यानं ते दोन्ही हातांनी अण्णांपुढं धरलं.

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग चष्मा चढवला, इस्त्री तापत ठेवली आणि मांडी घालून खालीच बसले. वायरीतली एकेक तार वेगवेगळ्या जागी जोडली, म्हणजे सगळे जोड एका ठिकाणी येऊन गाठ होऊ नये. डाग दिला, नळी चढवली, वरून पट्टी गुंडाळली. काजं विहिरीएवढी करणाऱ्या त्या हातांनी रफू मात्र असा केला की नंतर मी वायर बोटांतून ओढून बघितली आणि जोड मला सापडला नाही. मी प्रोग्रॅम पाठवला, राजण्णानं मनसोक्त हवा मारली, कंप्रेसर धाड् करून चालू झाला, आणि आकड्याला आकडा जुळला.

मशीनला पोचूनही थोडी वायर उरली. अण्णांनी पक्कड उचलली नाही. मॅनेजरनंही काही म्हटलं नाही. त्यांनी उरलेल्या वायरीचं वेटोळं केलं, दोरा बांधला आणि पिशवीतून खिळा काढला. माझ्या आठवणीत त्यांनी खिळा ठोकताना कधी कोणाला विचारलेलं नाही. या वेळी ते राजण्णाकडं वळले.

"कुठं ठोकू?" त्यांनी विचारलं.

राजण्णानं हवेची बंदूक खाली ठेवली, कंप्रेसरच्या डब्याकडं एकदा नीट बघितलं, आणि समोरच्या भिंतीकडं बोट केलं.